तीन टप्प्यांची परीक्षा : हौशी खेळाडू आणि ट्रायथलॉन

(भिलाई येथील स्मृति नगरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भिलाई या नावाशी पोलाद हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यानंतर सेक्टरांची आखीव नगरी उभी राहिली. स्मृति नगरासारख्या निवासी वसाहती पुढे तिच्या परिसरात वाढल्या. अशा पोलादनगरीत 'आयर्नमॅन' म्हणजे लोहमानव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेचा विषय निघणे स्वाभाविक म्हणावे लागेल. मात्र आजचा विषय विजेत्यांचा नाही. नोकरी, घर आणि अभ्यास सांभाळून अशा स्पर्धेत उतरणाऱ्या व शेवटची रेषा मुदतीच्या आत ओलांडू पाहणाऱ्या हौशी खेळाडूचा आहे.

स्पर्धेचे स्वरूप व इतिहास

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालविणे व धावणे या तीन प्रकारांची, याच क्रमाने आणि मध्ये विश्रांती न घेता पार पाडावयाची स्पर्धा. एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाताना कपडे, बूट व साधने बदलण्यास लागणारा वेळही एकूण वेळेत धरला जातो. घड्याळ सुरू होते ते अंतिम रेषेवरच थांबते.

या नावाची आधुनिक स्पर्धा २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो येथील मिशन बे या ठिकाणी झाली. तेथील धावपटूंच्या एका क्लबने ती भरविली आणि तीत ४६ जण उतरले. चार वर्षांनी, १८ फेब्रुवारी १९७८ रोजी, हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर तिचे दीर्घ रूप जन्मास आले. पोहणारा, सायकलपटू आणि धावपटू यांपैकी सर्वांत तंदुरुस्त कोण, असा वाद तेथे रंगला होता. अमेरिकन नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी बेटावरील तीन वेगवेगळ्या स्पर्धांची अंतरे एकत्र गुंफून हा वाद मिटविण्याचा प्रस्ताव मांडला. त्या दिवशी १५ जणांनी प्रारंभ केला आणि १२ जणांनी स्पर्धा पूर्ण केली. पहिला आलेल्या गॉर्डन हॅलर यांना ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागले. म्हणजे या क्रीडाप्रकाराचे मूळच हौशी मंडळींच्या जिद्दीत आहे. व्यावसायिक खेळाडू व पारितोषिकाच्या रकमा नंतर आल्या.

१ एप्रिल १९८९ रोजी फ्रान्समधील आव्हीन्यो येथे आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना झाली. ती आज 'वर्ल्ड ट्रायथलॉन' या नावाने ओळखली जाते. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये या खेळाचा प्रथम समावेश झाला आणि २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धांत त्याला स्थान मिळाले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मिश्र सांघिक शर्यतीची भर पडली.

अंतरांचे तीन प्रकार परीक्षार्थींनी ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. ऑलिम्पिक अंतर : दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणे. पूर्ण आयर्नमॅन : ३.८, १८० व ४२.२ किलोमीटर, एकूण २२६ किलोमीटर. अर्ध आयर्नमॅन : १.९, ९० व २१.१ किलोमीटर, एकूण ११३ किलोमीटर. हे अंतर मैलांत ७०.३ भरते, म्हणून त्या आकड्यानेच ही स्पर्धा ओळखली जाते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकपर्यंत एकही भारतीय खेळाडू या प्रकारात ऑलिम्पिकमध्ये उतरू शकलेला नव्हता. असे असूनही हौशी स्पर्धकांचा ओघ भारतात वाढत राहिला, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

मराठी मुलखातील उदाहरणे

१९ जुलै २०१५ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे मिलिंद सोमण यांनी पूर्ण आयर्नमॅन स्पर्धा १५ तास १९ मिनिटे २९ सेकंदांत पार केली. तेथील मुदत १६ तासांची होती. त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९६५ चा, म्हणजे स्पर्धेच्या वेळी पन्नाशीला अवघे काही महिने उरले होते. तरुणपणी ते राष्ट्रीय पातळीवरील जलतरणपटू होते, हे खरे. पण पंधरा तासांहून अधिक काळ सलग हालचाल करीत राहून मुदतीला चाळीस मिनिटे उरली असताना रेषा ओलांडणे ही विजेत्याची कामगिरी नव्हे. ती हौशी खेळाडूची कामगिरी आहे आणि म्हणूनच ती अनेकांना आपलीशी वाटली. पुण्याचे कौस्तुभ राडकर हेही मूळचे जलतरणपटू. त्यांनी वीसहून अधिक वेळा पूर्ण आयर्नमॅन पार केली आणि पुढे प्रशिक्षक म्हणून अनेक हौशी स्पर्धक घडविले.

जवळच्या क्रीडाप्रकारातील उदाहरणेही बोलकी आहेत. अमेरिका पश्चिमेकडून पूर्वेकडे सायकलवर ओलांडण्याची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही स्पर्धा नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली जोडीने, ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. २०१७ साली नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच स्पर्धा एकट्याने पार केली. डॉ. समर्थ यांना ११ दिवस २१ तास ११ मिनिटे लागली, तर मुदत १२ दिवसांची होती. सुमारे पाच हजार किलोमीटरच्या अंतरात उरले ते केवळ पावणेतीन तास. नागपूर हे भिलाईच्याच रेल्वेमार्गावरचे शहर आहे आणि यांतील चौघेही व्यवसायाने डॉक्टर आहेत. रुग्णालयाच्या वेळा सांभाळून केलेली ही तयारी आहे.

ज्या स्पर्धेसाठी पूर्वी परदेशी जावे लागे, ती २० ऑक्टोबर २०१९ रोजी भारतात आली. गोव्यात पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर भारतातील पहिली 'आयर्नमॅन ७०.३' स्पर्धा झाली. भारतीय लष्करातील बिश्वरजित सैखोम यांनी ती ४ तास ४२ मिनिटे ४४ सेकंदांत जिंकली. पुढील दोन वर्षे महासाथीमुळे खंड पडला आणि २०२२ पासून ती पुन्हा भरू लागली. तिची एकूण मुदत साडेआठ तासांची आहे. विजेता अंतिम रेषा ओलांडून विश्रांती घेत असतो, तेव्हा बहुसंख्य हौशी स्पर्धक अद्याप सायकलवर किंवा धावण्याच्या पहिल्या टप्प्यात असतात. त्यांच्या त्या उरलेल्या तासांत काय घडते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

पहिला टप्पा : पाणी

१.९ किलोमीटर पोहण्यासाठी १ तास १० मिनिटांची मुदत असते. २५ मीटरच्या तलावात हे अंतर ७६ फेऱ्यांचे होते. हिशेब केल्यास दर १०० मीटरला ३ मिनिटे ४१ सेकंद मिळतात. तलावात १०० मीटर तीन मिनिटांत पोहणाऱ्यास हे सोपे वाटावे. परंतु समुद्रात तळाशी आखलेली रेघ नसते, हात टेकण्यास भिंत नसते आणि लाट समोरून तोंडावर येते. दिशा चुकली की अंतर वाढते. दर आठ-दहा हातांनंतर मान वर काढून तरंगता बोया पाहावा लागतो. शेजारच्या स्पर्धकाचा हात डोक्यावर बसतो, चष्म्यात पाणी शिरते आणि श्वासाची लय बिघडते. अशा वेळी वेगाने हात मारणारा अधिक घाबरतो. अनुभवी खेळाडू क्षणभर पाठीवर उताणा होतो, चार दीर्घ श्वास घेतो आणि मग पुढे निघतो. ही चार श्वासांची उसंत तलावात सराव करूनच अंगवळणी पडते.

या टप्प्याचे गांभीर्य आकड्यांतून स्पष्ट होते. अमेरिकेत २००६ ते २००८ या काळातील सुमारे ९ लाख ५९ हजार सहभागींचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात १४ मृत्यूंची नोंद होती आणि त्यांपैकी १३ मृत्यू पोहताना झाले होते. प्रमाण एक लाखामागे दीडच्या आसपास, म्हणजे अल्प आहे. तथापि जो धोका आहे तो जवळजवळ सगळा पाण्यात आहे. सायकलवर किंवा धावताना थकलेला माणूस थांबू शकतो. पाण्यात थांबण्यासाठीही तरंगण्याचे बळ लागते. म्हणूनच हृदयाची पूर्वतपासणी, स्पर्धकांना थोड्याथोड्या अंतराने पाण्यात सोडण्याची पद्धत आणि जीवरक्षकांच्या नौका या गोष्टी अत्यावश्यक ठरतात.

या पहिल्याच टप्प्यावर काहींची स्पर्धा संपते. महिनोन्महिने पहाटे उठून सराव केलेला माणूस मुदतीनंतर दोन मिनिटांनी किनाऱ्यावर येतो आणि पायातील वेळमापक पट्टी काढून द्यावी लागते. सायकल तशीच उभी राहते. नियमाला येथे अपवाद नाही.

दुसरा टप्पा : सायकल

पाण्यातून बाहेर पडल्यावर आडवे असलेले शरीर एकदम उभे होते, त्यामुळे क्षणभर भोवळ येते. संक्रमणकक्षात सायकल, शिरस्त्राण, बूट व पाणी ठरलेल्या क्रमाने मांडलेले असते. शिरस्त्राणाचा पट्टा लावण्यापूर्वी सायकलला हात लावणे नियमबाह्य आहे.

९० किलोमीटरच्या या टप्प्यात मुख्य शत्रू वारा असतो. सपाट रस्त्यावर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी २४ ऐवजी ३० किलोमीटर वेग ठेवावयाचा झाल्यास वेग सव्वापट होतो, पण हवेविरुद्धची शक्ती जवळजवळ दुप्पट लागते. नवखा स्पर्धक सुरुवातीच्या उत्साहात हीच चूक करतो आणि तिची किंमत धावताना मोजतो. ऑलिम्पिक शर्यतीत दुसऱ्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाने सायकल चालविण्यास मुभा आहे. आयर्नमॅन प्रकारात मात्र हौशी स्पर्धकांनाही १२ मीटरचे अंतर राखावे लागते. ज्याचे त्याने आपलेच बळ वापरावयाचे, हा त्यामागील हेतू.

आहाराचे शास्त्र येथेच लागू पडते. शरीरात स्नायू व यकृत मिळून सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठविलेले असते, म्हणजे साधारण दोन हजार किलोकॅलरींपर्यंत ऊर्जा. सात-आठ तासांच्या श्रमांना ती पुरत नाही. त्यामुळे दर तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके पोटात जावी लागतात. केळी, खजूर, गुळाची चिक्की किंवा तयार जेल, जे पचेल ते. भूक लागण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. पाण्याचेही तसेच. कमी प्यायले तर शरीर तापते. नुसते पाणी अति प्यायले तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घामाबरोबर मीठ जाते, ते परत द्यावे लागते.

तिसरा टप्पा : धाव

सायकलवरून उतरल्यावर पहिले दोन-तीन किलोमीटर पाय आपले वाटत नाहीत. तासन्‌तास पॅडल फिरविण्याची लय स्नायूंत भिनलेली असते आणि ती धावण्याच्या लयीला जागा देत नाही. यावर उपाय एकच : सरावातही सायकलनंतर लगेच धावणे. ऑक्टोबरच्या दुपारी पणजीत तापमानाबरोबर आर्द्रताही चढी असते. घाम येतो, पण वाळत नाही आणि वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. येथे वेगाचा हट्ट सोडून चालणे-धावणे आलटून पालटून करणारा स्पर्धक बहुधा शेवटास पोचतो.

एका सर्वसाधारण हौशी स्पर्धकाचा ताळेबंद मांडून पाहू. पोहणे ५५ मिनिटे, सायकल ताशी २४ किलोमीटरने ३ तास ४५ मिनिटे, धावणे २ तास ४५ मिनिटे आणि दोन्ही संक्रमणे मिळून १५ मिनिटे. एकूण ७ तास ४० मिनिटे. मुदतीला पन्नास मिनिटे उरतात. एक पंक्चर वीस मिनिटे नेते. पायात गोळे आले तर आणखी पंधरा मिनिटे जातात. उरलेली पंधरा मिनिटे हीच त्याची सारी पुंजी. या पुंजीवर तो अखेरचे किलोमीटर काढतो. त्याचा क्रमांक शेकड्यांत असतो, वृत्तपत्रांत नाव येत नाही. तरीही रेषेवर उभे असलेले घरचे लोक त्याला पाहून रडतात, कारण पहाटे चारचा गजर त्यांनीही वर्षभर ऐकलेला असतो.

सरावाचा हिशेब

अशी तयारी साधारणतः सहा महिने ते एक वर्ष चालते. आठवड्याला आठ ते बारा तास लागतात. सराव हळूहळू वाढवीत नेणे, दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा भार कमी करणे आणि स्पर्धेपूर्वी दोन आठवडे विश्रांतीकडे झुकणे, ही त्याची सर्वमान्य रीत आहे. शरीर बळकट होते ते श्रमानंतरच्या झोपेत. झोप तोडून केलेला सराव दुखापतीकडे नेतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रत्येकाला तीनपैकी एक प्रकार आवडतो आणि एक नकोसा वाटतो. स्वाभाविक ओढ आवडत्याकडे असते. परंतु उत्तम धावपटूने धावण्यात आणखी पाच मिनिटे वाचविली तरी पोहण्याची मुदत चुकल्यावर त्या मिनिटांचा उपयोग शून्य. तिन्ही टप्प्यांना स्वतंत्र मर्यादा असल्याने कच्च्या बाजूला अधिक वेळ द्यावाच लागतो. ज्या परीक्षांत प्रत्येक प्रश्नपत्रिकेस किमान गुणांची अट असते, त्या देणाऱ्यांना हा न्याय निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

सुविधांचा प्रश्न

येथे एक प्रामाणिक प्रश्न उपस्थित होतो. ही स्पर्धा सर्वांना खुली आहे काय? नियमांनुसार आहे. व्यवहारात तिचे प्रवेशशुल्क व शर्यतीच्या सायकलींच्या किमती अनेकांच्या आवाक्याबाहेर आहेत. तथापि खरी अडचण त्याहून मूलभूत आहे. धावण्यास रस्ता मिळतो. सायकल घरोघरी आहे आणि भिलाईत तर पाळीला सायकलवरून जाणारा कामगार हे दीर्घकाळ नित्याचे दृश्य राहिले आहे. पोहण्यासाठी मात्र स्वच्छ, सुरक्षित व प्रशिक्षकाची सोय असलेला तलाव लागतो. छत्तीसगडसारख्या समुद्रकिनारा नसलेल्या राज्यात तर सार्वजनिक तलावावाचून दुसरा मार्ग नाही. नदीत वा खाणीच्या डोहात देखरेखीविना सराव करणे जिवावर बेतू शकते.

पोहणे ही केवळ खेळाची बाब नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख लोक बुडून मरण पावले. संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावासाठी राखला आहे. शाळकरी मुलांना पोहणे शिकविणारा प्रत्येक तलाव एखादा स्पर्धक घडवो वा न घडवो, जीव निश्चित वाचवितो.

आरोग्याची बाजूही तितकीच गंभीर आहे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ५७ टक्के होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचे दाखविले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमांची शिफारस करते. स्त्री-पुरुषांतील ही तफावत निसर्गनिर्मित नाही. घरकामाचा भार, पहाटेच्या रस्त्यावरील असुरक्षितता आणि मैदानाकडे पाहण्याची दृष्टी यांतून ती घडते. दुर्गची कन्या सबा अंजुम ही भारतीय महिला हॉकी संघाची कर्णधार झाली आणि २०१५ साली पद्मश्रीची मानकरी ठरली. वाट मिळाली तर या भूमीतील मुली कोठवर जातात, याचे ते उदाहरण आहे.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार क्रीडा हा विषय राज्यसूचीत, ३३ व्या नोंदीत येतो. केंद्र शासन धोरण, निधी व प्रशिक्षण यांद्वारे साहाय्य करते. १९८४ साली भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन झाले, २००१ साली राष्ट्रीय क्रीडा धोरण आले, २०१७-१८ पासून 'खेलो इंडिया' कार्यक्रम राबविला गेला आणि २९ ऑगस्ट २०१९ रोजी 'फिट इंडिया' अभियान सुरू झाले. १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नव्या राष्ट्रीय क्रीडा धोरणास मान्यता दिली. जागतिक स्तरावरील उत्कृष्टता, आर्थिक विकास, सामाजिक विकास, लोकचळवळ व शिक्षणाशी सांगड हे त्याचे पाच आधारस्तंभ आहेत. यांतील चौथा आधारस्तंभ हौशी खेळाडूचा आहे. पदकांची मोजणी सोपी असते. एखाद्या वस्तीतील किती माणसे पोहू शकतात, किती मुली निर्धास्तपणे सायकल चालवितात, याची मोजणी अवघड. पण धोरणाचे यशापयश अखेर तेथेच ठरेल.

समारोप

१९७८ साली ओआहू बेटावर जमलेल्या पंधरा जणांपैकी तिघांना शेवट गाठता आला नाही. ते हरले, असे कोणी म्हणत नाही. पहिल्या पंधरांत त्यांचीही गणना होते. मिरामारच्या किनाऱ्यावर मुदत चुकलेल्या स्पर्धकालाही पट्टी परत दिल्यावर दुसऱ्या वर्षीचा अर्ज भरता येतो. त्यासाठी आपले कोठे चुकले, हे त्याला मिनिटांच्या हिशेबात ठाऊक असावे लागते.

स्मृति नगरातून समुद्र फार दूर आहे. परंतु ७६ फेऱ्यांचा हिशेब समुद्रावर सुरू होत नाही. तो गावातल्या तलावाच्या पहिल्या फेरीपासून सुरू होतो. ती पहिली फेरी प्रत्येकाच्या आवाक्यात आणणे हे समाजाचे आणि शासनाचे काम आहे. उरलेल्या पंचाहत्तर ज्याच्या त्याने पोहावयाच्या आहेत.